वाचनातून जीवनचक्राचा परिचय



वाशीम जिल्ह्यातील बालकास घाटे अळी पुस्तकाआधी हरभऱ्याच्या घाट्यात भेटते. परंतु तिचाच पुढे पतंग होतो, हे नुसते पाहून उमगत नाही. कारण मधला कोष जमिनीत दडलेला असतो. ही दृष्टीआडची अवस्था वाचनाने कळते.

तिसरीच्या वर्गात घाटे अळी व नाकतोडा यांवरील दोन छोटे उतारे शेजारी ठेवावेत आणि मुलांनी फळ्यावर दोन रकाने भरावेत. अंडी दोघांचीही; पण नाकतोड्याचे बिनपंखी पिल्लू मोठ्यासारखेच दिसते, कात टाकीत वाढते; त्याला कोषावस्था नाही. तिसरा रकाना कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटाचा : पाडस जन्मते, आईच्या दुधावर वाढते. प्रत्येक उत्तराचे वाक्य मुलाने उताऱ्यात बोट ठेवून दाखवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत अर्थ समजून वाचण्याचेच उद्दिष्ट ठेवले.

उन्हाळी नांगरटीने कोष उघडे पडतात. ऊन व पक्षी त्यांचा नाश करतात. नाकतोड्याला कोषच नसतो; तेथे नांगरटीने जमिनीतील अंडी उघडी पडतात. हा भेद वाचून जाणणारे मूल उद्या शेतीचा निर्णयही विचारपूर्वक घेईल. म्हणूनच शाळेतील वाचनपेटी भरलेली ठेवणे, हे ग्रामपंचायतीचेही कर्तव्य होय.