पैनगंगेचे पाणी आणि ग्रामसभेची संमती
(माहूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



मराठवाडा म्हटला की गोदावरीचे नाव येते. माहूर-किनवटचा माणूस मात्र पैनगंगेच्या काठचा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी कयाधू, पूस, अडाण यांचे पाणी घेत वर्धेला मिळते. ते पाणी पुढे प्राणहितेवाटे गोदावरीतच जाते, पण आपल्याला वगळून, थेट सिरोंच्याजवळ! निजामाच्या काळात ही नदी हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची सीमा होती. १९५६ साली किनवट आदिलाबादमधून नांदेडात आले; तरी दोन्ही तीरांवरची गोंड, कोलाम, आंध, बंजारा माणसे सोयरिकीने एकच आहेत.

वरच्या अंगाला इसापूरचे धरण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. कालव्याखालची शेते त्यावर पिकतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण धरणाच्या पायथ्याखालची नदी उन्हाळ्यात डबक्यांची होते, आणि काठच्या गावांना आपल्याच नदीत पाणी सोडा म्हणून अर्ज करीत हिंडावे लागते. कालव्याला वेळापत्रक आहे, नदीला नाही.

आता निम्न पैनगंगेचा प्रश्न. १९७५ च्या आंतरराज्य कराराचा आधार असलेल्या या प्रकल्पाला १९९७ साली प्रशासकीय मान्यता मिळाली. सुमारे सव्वादोन लाख हेक्टर जमीन भिजेल, असे सांगितले जाते. यवतमाळ-नांदेडची नव्वदांहून अधिक गावे मात्र बुडिताच्या छायेत आहेत. ज्या गावाला बुडायचे आहे तेथे घरकुल कशाला, रस्ता कशाला, असा सरकारी हिशेब असतो. म्हणजे पाणी येण्याच्या कितीतरी आधी गाव बुडू लागते.

आम्ही सिंचनाचे वैरी नाही. कोरडवाहू कापसावर कर्ज काढणाऱ्याला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. आमचा प्रश्न संमतीचा आहे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा विचार घ्यावा, असे पेसा कायदा १९९६ पासून सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमतीच आवश्यक केली. किनवट-माहूरमधील या क्षेत्रातल्या गावांची संमती उपकार म्हणून मागायची नाही, ती घेणे सरकारवर बंधनकारक आहे. लहान बंधारे बांधून, गाव न उठवता किती पाणी अडेल, याचा हिशेबही ग्रामसभेपुढे मराठीत, आणि गोंडी-कोलामीत समजावून, ठेवला पाहिजे.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावी जा. कोठे ठराव झाला, कोठे नुसत्या सह्या गोळा केल्या गेल्या, हे वहीत उतरवा. वनहक्काचे दावे २००६ च्या कायद्याखाली दाखल करून त्यांची पोच घ्या. ज्याचा हक्क कागदावर नाही, त्याचे नाव पुनर्वसनाच्या यादीत शोधूनही सापडणार नाही.