पाठपोट छपाई : चूक कोठे शोधावी?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



कागदाच्या दोन्ही अंगांवर मजकूर उतरविण्याला आपल्या भाषेत एक सुटसुटीत शब्द आहे : पाठपोट. पूर्वी अर्ज पाठपोट लिहीत, विद्यार्थी आजही उत्तरपत्रिका पाठपोट लिहितात, आणि संगणकावर जुळविलेला मजकूर प्रिंटरमधून पाठपोट काढण्याची वेळ आता शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या, देवळांच्या व चर्चच्या समित्या अशा सर्वांवरच येते. कागद निम्मा लागतो, कपाटातील जागा वाचते, टपालाचे वजन घटते. हे लाभ उघड आहेत. परंतु एका अंगावर निर्वेध छापणारे यंत्र दुसऱ्या अंगाशी आले की घोटाळे करू लागते, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. मागचे पृष्ठ उलटे येते, दुसऱ्याच्या जागी चौथे येते, मध्येच कोरे पृष्ठ निघते, नाही तर दुसऱ्या खेपेस कागद अडकून बसतो.

शाळेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. प्रश्नपत्रिका बाहेरच्या दुकानात छापावयास देणे बरे नसते. ती शाळेतच, बंद दाराआड आणि बहुधा परीक्षेच्या आदल्या दिवशी काढावी लागते. चाळीस मुलांपैकी पाच जणांच्या हाती पाठ कोरी असलेली प्रत गेली, तर ती मुले मागे प्रश्न नाहीतच असे समजून उत्तरपत्रिका देऊन मोकळी होतात. चूक छपाईची, गुण मात्र मुलांचे जातात.

म्हणून आज मला एवढेच सांगावयाचे आहे, की पाठपोट छपाईतील बहुतेक चुका चार जातींच्या असतात : दिशेची, क्रमाची, जोडीची आणि कागदाची. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. जात न ओळखता पडद्यावरील बटणे दाबीत बसणे म्हणजे रोग न ओळखता काढा पाजण्यासारखे आहे.

जात ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. पाच पृष्ठांचा एक मजकूर तयार करावा. प्रत्येक पृष्ठावर फक्त त्याचा अंक, मोठ्या अक्षरात आणि पृष्ठाच्या वरच्या भागात असावा. त्याच्या दोन प्रती पाठपोट काढाव्या. सहा कागद खर्ची पडतील. पण पुढचे शंभर वाचतील. पहिल्याच्या पाठीवर दोनाचा अंक उलटा आला, तर चूक दिशेची. दोनाऐवजी दुसराच अंक आला, तर चूक क्रमाची. पाचव्याच्या पाठीवर दुसऱ्या प्रतीचा पहिला अंक छापला गेला, तर चूक जोडीची. आणि ही परीक्षा निर्दोष उतरूनही खरा मजकूर बिघडत असेल, तर दोष त्या मजकुराच्या मांडणीत आहे, यंत्रात नाही. पृष्ठांची संख्या मुद्दाम विषम ठेवली आहे. सम संख्येत निम्मे दोष लपून राहतात.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. आपल्या प्रिंटरला कागद आपला आपण उलटण्याची सोय आहे काय? सोय असूनही संगणकाला तिची खबर नसते, असे पुष्कळदा घडते. ‘वर्ड’मध्ये छपाईचा तक्ता उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी हाताने कागद घालण्याचा एकच पर्याय दिसत असेल, तर विंडोजमध्ये त्या प्रिंटरचे ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडून ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ या भागात जावे. तेथे ‘ड्युप्लेक्स युनिट’ अशी नोंद असल्यास ती ‘इन्स्टॉल्ड’ करावी. अशी नोंदच नसेल, तर त्या प्रिंटरच्या कंपनीने दिलेला मूळ ड्रायव्हर बसवावा. संगणकाने आपणहून निवडलेला सर्वसामान्य ड्रायव्हर कित्येकदा या सोयीची दखलच घेत नाही.

आता दिशेची चूक. यंत्र विचारते, कागद लांब कडेवर उलटू की आखूड कडेवर? पडद्यावर हे ‘लाँग एज’ आणि ‘शॉर्ट एज’ असे लिहिलेले असते, आणि येथेच पुष्कळांचे घोडे अडते. याचे उत्तर आपल्या घरातील तीन वस्तूंत आहे. पहिली वस्तू वही. ती उभी असते व डाव्या बाजूस शिवलेली असते. शिवण लांब कडेवर आहे, म्हणून तेथे लांब कड. दुसरी वस्तू माथ्याशी चिकटविलेला लिहिण्याचा पॅड. त्याचे पान खालून वर उलटते. शिवण आखूड कडेवर आहे, म्हणून तेथे आखूड कड. तिसरी वस्तू पोथी. पोथीचे पान आडवे असते, पण ते पुस्तकासारखे डावीकडे न उलटता खालून वर उलटतात. म्हणजे कागद आडवा असूनही ते उलटणे लांब कडेवरचे होय. यावरून नियम असा निघतो : कागद उभा की आडवा हे न पाहता, तो ज्या कडेवर उलटावयाचा ती कड लांब की आखूड एवढेच पाहावे. आडव्या कागदावरचा गुणतक्ता डाव्या बाजूस टाके घालून बांधावयाचा असेल तर आखूड कड. माथ्याशी टाचावयाचा असेल तर लांब कड.

एकाच मजकुरात उभी पृष्ठे आणि मध्येच एखादा आडवा तक्ता असेल, तर त्या तक्त्याला स्वतंत्र कागद द्यावा. एका कागदाच्या पोटी उभे आणि पाठी आडवे पृष्ठ घातले, की ते वाचताना कागद हातात फिरवीत बसावे लागते.

दुसरी जात क्रमाची. ही बहुधा हाताने पाठपोट छापताना होते. ज्या यंत्राला कागद उलटता येत नाही, त्यात प्रथम विषम पृष्ठे काढावयाची आणि तेच कागद परत घालून सम पृष्ठे छापावयाची, ही रीत आहे. पण कागद कसे परत घालावे? काही यंत्रांतून कागद पालथा बाहेर येतो, काहींतून उताणा. काही यंत्रे ठेवलेल्या कागदाच्या वरच्या अंगावर छापतात, काही खालच्या. म्हणून शेजारच्या कार्यालयातील अनुभव आपल्या कामी येत नाही. एक कोरा कागद घेऊन त्याच्या वरच्या अंगावर पेन्सिलीने ‘वर’ असे लिहावे, यंत्रात शिरणाऱ्या कडेकडे बाण काढावा आणि एकच पृष्ठ छापून पाहावे. छापा कोणत्या अंगावर उमटला आणि त्याचा माथा बाणाकडे आहे की उलट बाजूस, हे एकदा कळले की ते चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवून ठेवावे.

येथे विषम पृष्ठसंख्येचा एक सापळा आहे. पाच पृष्ठांच्या मजकुराची विषम पृष्ठे तीन आणि सम पृष्ठे दोन. विषम पृष्ठे छापलेल्या गठ्ठ्यात पाचव्याचा कागद सर्वांत वर असेल आणि सम पृष्ठे उलट्या क्रमाने काढावयाची असतील, तर पाचव्याच्या पाठीवर चौथे आणि तिसऱ्याच्या पाठीवर दुसरे बसते, व पहिल्याची पाठ कोरी राहते. उपाय दोनच : पाचव्याचा कागद आधी बाजूला काढावा, किंवा मजकुराच्या शेवटी एक कोरे पृष्ठ जोडून संख्या सम करावी. दुसरा उपाय अधिक निर्धास्त, कारण त्यात माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

ही काळजी आजची नाही. भारतातील पहिला छापखाना गोव्यात 1556 साली सुरू झाला, आणि राचोल येथे 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. हातछापखान्याच्या त्या युगात पहिले अंग छापताना कागदाला बारीक टोचण्यांची भोके पडत, आणि दुसरे अंग छापताना त्याच भोकांत त्याच टोचण्या बसवून कागद नेमक्या जागी धरीत. पाठ व पोट एकमेकांशी जुळविणे हे छपाईचे जुनेच कसब आहे. आज ते छापखान्यातून आपल्या टेबलावर आले, एवढेच.

तिसरी जात जोडीची. कोणते पृष्ठ कोणाच्या पाठीशी बसावे, हा तिचा विषय. आपण बोलताना ‘पान’ आणि ‘पृष्ठ’ हे शब्द सरसहा एकाच अर्थाने वापरतो. पण एका पानाला दोन पृष्ठे असतात. पोथीत तर अंक पानाला असतो, पृष्ठाला नसतो. संगणक मात्र पृष्ठे मोजतो, आणि विषम अंकाचे पृष्ठ नेहमी कागदाच्या दर्शनी अंगावर यावे असे मानतो. त्यामुळे मजकुराचे विभाग पाडून नव्या विभागाला पुन्हा 1 अंक दिला, आणि आधीचा विभाग तिसऱ्या पृष्ठावर संपला असेल, तर दोन विषम पृष्ठे लागोपाठ येतात व ‘वर्ड’ मध्ये एक कोरे पृष्ठ सोडतो. पडद्यावर न दिसणारे हे कोरे पृष्ठ कागदावर दिसले की आपण यंत्राला दोष देतो. ‘लिब्रेऑफिस रायटर’मध्ये अशी कोरी पृष्ठे छापावी की नाही याची खूण छपाईच्या पर्यायांत असते. पाठपोट छापताना ती चालू ठेवावी. बंद केल्यास पुढच्या सगळ्या जोड्या एकेका घराने सरकतात.

उलटपक्षी, कोरे पृष्ठ हवे तेथे ते न मिळाल्यानेही घोटाळा होतो. पालकांना पाठवावयाचे पत्र तीन पृष्ठांचे असेल, तर एका पालकाच्या तिसऱ्या पृष्ठाच्या पाठीवर दुसऱ्या पालकाचे पहिले पृष्ठ येण्याचा संभव असतो, आणि एकाच्या मुलाची हकीकत दुसऱ्याच्या घरी जाते. प्रत्येक पत्राचा विभाग विषम पृष्ठावरूनच सुरू होईल अशी योजना केली, की ही आपत्ती टळते. प्रश्नपत्रिकेच्या अनेक प्रती काढतानाही पृष्ठसंख्या सम करून घ्यावी.

मराठी मजकुराच्या बाबतीत जोडी बिघडण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे फाँट. घरच्या संगणकावर ‘कोकिळा’ या फाँटमध्ये चार पृष्ठांत बसलेला मजकूर शाळेच्या संगणकावर ‘मंगल’मध्ये उघडला, तर ओळींची उंची वाढून तो पाच पृष्ठांवर जातो. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर, वाचताही येत नाही. यासाठी मजकूर जेथे तयार केला तेथेच त्याची पीडीएफ प्रत करावी आणि छापावयास तीच न्यावी. पीडीएफमध्ये पृष्ठे जेथल्या तेथे राहतात.

सणाच्या प्रार्थनांची किंवा संमेलनाची लहान पुस्तिका काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मधोमध दुमडावयाच्या कागदावर चार पृष्ठे बसतात; म्हणून पृष्ठसंख्येला चाराने भाग जावा. आठ पृष्ठांच्या पुस्तिकेत बाहेरच्या कागदाच्या एका अंगावर आठवे व पहिले, आणि दुसऱ्या अंगावर दुसरे व सातवे पृष्ठ येते. ‘वर्ड’मधील ‘बुक फोल्ड’ हा पर्याय ही मांडणी आपणहून करतो. तेथे आखूड कड निवडावी. शिवणीत अक्षरे जाऊ नयेत म्हणून, पाठपोट छापून बांधावयाच्या कोणत्याही मजकुराला ‘मिरर्ड’ समास द्यावे, म्हणजे रुंद समास दर्शनी पृष्ठावर डावीकडे आणि पाठीमागे उजवीकडे पडतो.

चौथी आणि शेवटची जात कागदाची. मजकुराचा कागद ‘लेटर’ मापाचा, म्हणजे 216 गुणिले 279 मिलिमीटर, आणि यंत्रातील कागद ए-4, म्हणजे 210 गुणिले 297 मिलिमीटर, अशी तफावत असल्यास यंत्र थांबते किंवा मजकूर कडेला सरकतो. कित्येक लहान यंत्रे ‘लीगल’ मापाचा लांब कागद एका अंगावर छापतात, पण उलटू शकत नाहीत. कागदाचा प्रकार जाड पुठ्ठा, पाकीट अथवा लेबल असा निवडलेला राहिला, तर यंत्र बहुधा पाठपोट छपाईच नाकारते. पावसाळ्यात गोव्यासारख्या किनाऱ्याच्या मुलखात कागद दमट होतो. लेझर यंत्रातील उष्णतेने तो पहिल्याच खेपेस वळतो आणि दुसऱ्या खेपेस अडकतो. कागदाचा गठ्ठा वेष्टनातच बंद ठेवावा, घालण्यापूर्वी फुलवून मोकळा करावा, आणि हाताने पाठपोट छापताना पहिल्या खेपेचे कागद निवू देऊन, वळलेल्या कडा सपाट करून मग परत घालावे. अडकलेला कागद काढताना आत तुकडा राहिला नाही ना, हेही पाहावे. पुढचे कागद त्यालाच अडतात.

इतके करूनही शेवटची तपासणी माणसानेच करावयाची असते. प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी ‘5 पैकी 2’ असा अंक घालावा, आणि मागे मजकूर असेल तेथे ‘कृपया मागे पाहा’ असे स्पष्ट लिहावे. सर्व प्रती निघाल्यावर गठ्ठा एकदा पोटाच्या व एकदा पाठीच्या बाजूने चाळावा. कोरी पाठ लगेच डोळ्यांत भरते. आणि परीक्षेच्या वर्गात मुलांनी लिहावयास सुरुवात करण्यापूर्वी शिक्षकाने त्यांच्याकडून सर्व पृष्ठे मोजून घ्यावी. या मोजणीला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्याने आपली मेहनत व मुलांचे गुण दोन्ही सुरक्षित राहतात.