जंगल गावाचं, मग ठराव कुणाचा?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



लांबलांबच्या गावांवरून, पोडांवरून तुम्ही आलात. कुणी रोजी पाडून, कुणी पहाटेच स्वयंपाक उरकून. म्हणून लांबण लावत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आधी सांगते. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. वऱ्हाडात समुद्र कुठला? म्हणून इथल्या लोकांनी गवत निवडलं. ज्या गवतावर गावची जनावरं जगायची, ते कापणं इंग्रजांच्या कायद्याने गुन्हा ठरलं होतं. सत्याग्रह मोठाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण तेच गवत आणि तीच सरपणाची मोळी बाया त्याच्या आधीही आणत होत्या आणि नंतरही आणत राहिल्या. पकडलं की विळा जप्त, दंड आणि वर नको ते बोलणं. त्याला कुणी सत्याग्रह म्हटलं नाही, चोरी म्हटलं. इंग्रज गेले तरी विळा जप्त व्हायचा तो होतच राहिला.

ही चोरी नाही, हा हक्क आहे, असं सरकारने कागदावर मान्य केलं २००६ साली. वनहक्क कायदा. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. सरकारने स्वतःच्या हाताने असं लिहिणं ही दुर्मीळच गोष्ट!

या कायद्यात दोन तऱ्हेचे हक्क आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक, कसत असलेल्या वावराचा वैयक्तिक पट्टा. दुसरा, सामूहिक हक्क. सामूहिक म्हणजे गावाने परंपरेने वापरलेलं, राखलेलं जंगल सांभाळायचा, त्याचा कारभार करायचा हक्क ग्रामसभेचा. मोहफूल, तेंदूपान, चारोळी, डिंक, मध, बांबू, या सगळ्या गौण वनोपजावरची मालकीही त्यात आली. ‘गौण’ हा शब्द मला नेहमी खटकतो. घरात मीठ-तेल ज्याच्यावर येतं, ते गौण कसं?

आधी वैयक्तिक पट्ट्याचं बोलते, कारण आपला जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा म्हणून देशभर ओळखला गेला. नवरा गेल्यावर बाईला कळतं, की आयुष्यभर ज्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला, त्याच्या सातबाऱ्यावर आपलं नावच नाही. मग फेरफार, वारसाचा दाखला, सासरच्यांची मनधरणी, तलाठ्याकडे खेटे. वनहक्काच्या पट्ट्यात हे आधीच टाळलेलं आहे. कायद्याचं कलम ४ सांगतं, की लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. एकटी बाई कुटुंब चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. ज्यांच्या घरी पट्टा आला आहे, त्यांनी तो पेटीतून काढून आपलं नाव आहे का ते बघायचं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्यायचं. नाव नसेल तर तो कुणाचा उपकार मागणं नाही, कायद्यातली दुरुस्ती मागणं आहे.

आता सामूहिक हक्काकडे वळते. आपलं जंगल सागाचं. सागवान म्हणजे पैसा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पैसा कुणाचा? सागाचं पान जनावर खात नाही. त्याला खायचं फळ नाही. मोठं होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि मोठं झाल्यावर तर नाहीच नाही. मोहाचं तसं नाही. फूल आहे, टोळीचं तेल आहे. चारोळी आहे, बिबा आहे, टेंभराची फळं आहेत. जंगलात काय राखायचं, काय लावायचं हे पुरुषाला विचारलं तर तो बल्ली, नांगराचं लाकूड सांगेल. बाईला विचारलं तर ती सरपण, चारा, मोह आणि पाणी सांगेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण आराखडा लिहिताना जी मंडळी बसलेली असतात, त्यांचीच झाडं कागदावर येतात.

१९९२ साली आपल्या राज्यात संयुक्त वनव्यवस्थापन आलं, गावोगाव समित्या झाल्या. काही ठिकाणी जंगल खरंच वाढलं. पण कितीतरी गावांत समितीने पहिला ठराव केला तो चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा. बंदी चांगली, पण चूल बंद होत नाही ना! जवळचं जंगल बंद झालं, की बाई दूरच्या जंगलात जाते. दोन तासांची मोळी चार तासांची होते, आणि पोरीची शाळा सुटते. समितीत बाया होत्या, नाही असं नाही. सही करायला होत्या.

वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. तिथे गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू स्वतः तोडला, स्वतः विकला. आणि तेंदूपान तोडणं बंद केलं. तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, झाड फळावर येत नाही. ते त्यांनी थांबवलं. मला हा निर्णय फार आवडतो. तरी तुम्हांला सांगते, आंधळेपणाने उचलू नका. पाचगावच्या हाती बांबूचा पैसा होता. आपल्याकडे उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम म्हणजे बाईच्या हातात येणारी रोकड. सत्तर पानांचा पुडा बांधून बांधून बोटं काळी होतात, तेव्हा कुठे पोरांच्या वह्या येतात. उद्या आपल्या गावात कुणी तेंदूबंदीचा ठराव आणला, तर पहिला प्रश्न आपण विचारायचा, की त्या रोकडीच्या जागी काय?

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर सगळ्यांना ठाऊक आहे. सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क त्या गावाने २००९ मध्ये मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होतात. वेळ लागतो, पण कुणी ‘मला विचारलंच नाही’ म्हणू शकत नाही. कुणी म्हणेल, तिकडे जंगल घनदाट आहे, आमचं उजाड. तर मग अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर बघा. कोरकूंचं गाव. २०१२ मध्ये त्यांना मिळाली ती उजाड माळासारखी जमीन, दोनशे हेक्टरही नाही. त्यांनी ती राखली, झाडं लावली, पाणी अडवलं, आणि सीताफळं विकली. उजाड जंगल मागायला लाजू नये.

कायद्याने बाईला जागा कुठे दिली आहे? वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश बाया. २०१२च्या दुरुस्तीप्रमाणे वनहक्कासाठी भरणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश बाया. त्याशिवाय सभाच नाही. पण होतं काय, तर सभा होते चावडीत, आणि रजिस्टर फिरतं घरोघर. बाई भाकरी थापत असते, पीठ लागलेल्या हाताचा अंगठा उठवते. कोरम पूर्ण! ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं पंचायतीचा कायदा सांगतो. ती किती गावांत खरोखर होते, हे तुम्हीच मला सांगा.

बीना अग्रवाल नावाच्या अर्थशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी गुजरातेतल्या आणि नेपाळातल्या वनसमित्या तपासल्या. समितीत एखादीच बाई असेल तर ती गप्प बसते. चौथा-तिसरा हिस्सा बाया झाल्या की त्या बोलतात. आणि जिथे बाया जास्त, तिथे जंगलही बरं झालेलं दिसलं. हे आपल्याला अनुभवाने कळतंच, पण साहेबाच्या टेबलावर ठेवायला पुस्तक बरं पडतं.

वाघाचं टाळून चालणार नाही. राळेगाव, पांढरकवड्याच्या भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांचे बळी गेले असं सांगितलं गेलं, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ ती वाघीण मारली. मारायला हवी होती की नको, यावर मुंबई-दिल्लीत पुष्कळ बोललं गेलं. इथे दोन वर्षं बाया सरपणाला जिवावर उदार होऊन जात होत्या. कुठल्या भागात कधी जायचं, किती जणींनी मिळून जायचं, गुरं कुठे नेऊ नयेत, हे ठरवायला गावच लागतं. जंगलाच्या कारभाराचा अर्थ हाही आहे.

कोलाम पोडांवरच्या बायांसाठी एक वेगळं. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांतली बरीच गावं पेसा कायद्याखाली येतात. तिथे पोड स्वतंत्र गाव म्हणून मागता येतं, त्याची रीत २०१४च्या नियमांत आहे. पोड मोठ्या गावात मिसळलेलं असलं, की सभा मोठ्या गावात, आवाज मोठ्या गावाचा, आणि जंगल मात्र पोडाला लागून!

आता जेवणानंतर गावागावाच्या बाया वेगळ्या बसतील. प्रत्येक गावाने एवढं सांगायचं: सामूहिक दावा टाकला का, त्याची पोच कुणाकडे आहे, पट्टा आला असेल तर नकाशा कुणी पाहिला, आणि वनोपजाच्या पैशाचं खातं असेल तर त्यावर सही कुणाची चालते. ज्यांना माहीत नाही त्यांनी तसंच सांगायचं, म्हणजे पोच मागणारे अर्ज आज संध्याकाळपर्यंत इथेच लिहून होतील.