गोपाळराव राहू द्या, आनंदीबाईंबद्दल बोला



आमच्या पनवेलला आम्ही दहा-बाराजणी महिन्यातून एकदा वाचनालयात जमतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. गेल्या खेपेला श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' होती. डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांचे पती गोपाळराव ह्यांच्यावरची १९६८ सालची कादंबरी. तुम्ही ती वाचली असेल, नाहीतर २०१९चा सिनेमा तरी पाहिला असेल. म्हणून कथा सांगत बसत नाही.

चर्चा दीड तास चालली आणि त्यातला सव्वा तास गोपाळरावांनी घेतला. थोर की छळवादी? बायकोला शिकवायचा ध्यास होता की नुसता हट्ट? अभ्यासासाठी हात उगारणारा नवरा नायक कसा? आवाज चढले, चहा गार झाला. आणि आनंदीबाई? 'बिचारी!' एवढा एक शब्द त्यांच्या वाट्याला आला. मला हे सलतं. आज तेच सांगायला आले आहे.

आपल्याकडे तांदळाची भाकरी कशी होते ते बायकांना सांगायला नको. पाण्याला आधण आणायचं, पीठ घालून उकड काढायची, चटके सोसत ती परातीत मळायची. मळण्यात कसर राहिली की थापताना कडा फाटतात. मग तवा, मग जाळ. जाळ हवाच. तो कमी पडला तर भाकरी कच्ची, जास्त झाला तर करपलेली. हे सगळं मान्य. पण जेवायला बसल्यावर कुणी नुसतं जाळाबद्दल बोलतं का? गोपाळराव हा जाळ होता. चटका देणारा होता, हेही खरं. पण उकड मुरलेली होती म्हणून भाकरी फुगली. ती उकड कुठली, हे कुणी विचारतच नाही.

मी सांगते. मी आयुष्यभर प्रसूतिगृहात नोकरी केली. चौदा वर्षांची आनंदी बाळंत झाली आणि मूल दहा दिवसांनी गेलं. कादंबरी वाचताना आपण ते पान पटकन उलटतो. दहा दिवसांचं बाळ म्हणजे काय? नाळ सुकून नुकती गळालेली असते. बेंबीला तेलाचं बोट लावताना आईचा हात अजून कापत असतो. रात्री अंग चोरून झोपायची सवय तिला नुकती लागत असते. बारसंसुद्धा झालेलं नसतं. वेळेवर इलाज मिळाला असता तर, हा प्रश्न त्या पोरीच्या मनात तिथे रुजला. ती उकड. ती गोपाळरावांनी दिलेली नव्हे.

पुढचं बघा. गोपाळरावांच्या बदल्यांमागून अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असं फिरणं झालं. फेब्रुवारी १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाई सभेत उभ्या राहिल्या. वय सतरा. अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, जातीबाहेर टाकलं तर काय, एकेका प्रश्नाला इंग्रजीतून उत्तर दिलं. एप्रिलमध्ये बोटीवर चढल्या. तेव्हा गोपाळराव बरोबर नव्हते. पुन्हा सांगते, बरोबर नव्हते! समुद्र आनंदीबाईंनी नवऱ्याशिवाय ओलांडला.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय काय होता? हा प्रश्न मी मंडळात विचारला तर सगळ्या गप्प. हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! आपले जुने ग्रंथ आणि तिकडची पाठ्यपुस्तकं, दोन्ही समोर ठेवून लिहिलेला. आमच्या गावात धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ सालापासूनचा, काढ्या-आसवांची नावं इथे घराघरांत पाठ. तरी ह्या प्रबंधाची एकीलाही खबर नसावी? मैत्रिणींनो, मी रागावत नाही. पण दहा दिवसांचं मूल गेलेली आई बाळंतपणावरच प्रबंध लिहिते, ह्या दोन गोष्टींची सांगड कुणालाच घालावीशी वाटू नये, ह्याचं वाईट वाटतं.

म्हणून 'बिचारी' म्हणू नका. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. रडू येतं, मलाही येतं. पण रडून झाल्यावर त्यांनी केलं काय ते बोला. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या तिथे रुजू झाल्या असत्या तर आपल्याकडच्या किती बाळंतिणी... पण स्टुडिओच्या काचेतून खूण झाली, दोनच मिनिटं उरलीत.

तर एवढंच. कादंबरीकाराने गोपाळराव रंगवले, फार ताकदीने रंगवले, त्याला माझा आक्षेप नाही. कादंबरी जरूर वाचा. पण शेजारी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र ठेवा. काशीबाई त्यांच्याच काळातल्या, आणि त्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. त्यांचा स्वतःचा आवाज तिथे ऐकू येतो. अंजली कीर्तन्यांचं 'काळ आणि कर्तृत्व'ही आहे, त्याबद्दल खूप सांगायचं होतं, ते राहिलं.

पुढच्या महिन्यात आम्ही काशीबाईंचं पुस्तक घेतलं आहे. पहिला अर्धा तास गोपाळरावांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं आहे.