लॅपटॉप म्हातारा झाला, की डिस्क थकली?

आज आपण संघाच्या कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा विषय लिपिकाताईंचा, आम्हाला त्यात काय कळतंय? पण बघा, तुमची बचत, तुमचं कर्ज, तुमच्या आधार कार्डाची प्रत, तुमच्या पासबुकाचं पहिलं पान, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये आहे. तो दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, त्याला लागणारे पैसेही तुमचेच. मग विषय तुमचाच झाला की नाही?

आमच्या प्रभागसंघाचा लॅपटॉप २०१८ सालचा. गेल्या वर्षी त्याची गत अशी झाली, की बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळून यायचं, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतंच आहे. महिनाअखेरीला अहवाल भरताना लिपिकाताईंना रात्रीचे नऊ वाजायला लागले. शेवटी नव्या लॅपटॉपचं कोटेशन मागवलं, ते आलं ४२,००० रुपयांचं. ठरावाची वही उघडली, तेवढ्यात आमच्या एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या, "गाडी ओढत नाही म्हणून लगेच बैल विकता का? आधी चाकाला वंगण आहे का ते तरी बघा." ठराव तिथंच थांबला आणि आम्ही चाक बघायला लागलो.

ते चाक म्हणजे हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली सगळी माहिती तिच्यावर साठवलेली असते. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क खरोखरच जात्यासारखी फिरते. आत गुळगुळीत चकत्या असतात, त्या मिनिटाला बहुधा ५,४०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत माहिती शोधते. एक फाईल इथं, दुसरी तिथं, दांडी आपली धावतच असते. शिवाय ही डिस्क चालू असताना धक्का सोसत नाही. आपला लॅपटॉप तर एसटीत, स्कूटीच्या पुढ्यात, खड्ड्याखड्ड्यांतून या गावाहून त्या गावाला जाणारा.

आता जी नवी डिस्क मिळते तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारं काहीच नाही. पेन ड्राइव्हसारख्या चिप असतात, पण त्याहून कितीतरी वेगवान. मांडणीवर डबे ओळीनं लावलेत, हात घातला की हवा तो डबा हाती आला, तसं तिचं काम. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते. साटा जातीची साधी एसएसडी ५०० च्या आसपास वाचते. आणि बारीक-बारीक फाईली शोधायच्या असतील, तर फरक याहूनही मोठा पडतो. लॅपटॉप सुरू होताना नेमकं तेच काम असतं.

पण आपल्या लॅपटॉपचा आजार हाच आहे, हे कसं ओळखायचं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. तिथं सीपीयू, मेमरी आणि डिस्क अशी नावं दिसतात. डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली आणि सीपीयू मात्र निवांत असेल, तर दुखणं डिस्कचं आहे. मेमरी सतत भरलेली दिसली, तर रॅम कमी पडतेय. आमच्याकडे दोन्ही होतं. डिस्क १०० वर आणि रॅम फक्त ४ जीबी.

पैसे घालण्याआधी आणखी एक गोष्ट बघावी लागते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. बँकेची कामं करायची तर विंडोज ११ हवं, आणि ते फार जुन्या यंत्रावर रीतसर चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा आठव्या पिढीचा निघाला, म्हणून पुढे गेलो. तुमचा त्याहून जुना असेल तर थांबून विचार करा. लिनक्स मिंट, उबुंटू अशा मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर चालतात. त्यांत मराठी टाइप होतं, हिशेबाचे तक्ते होतात. पण तुमच्या कामाची सगळी सॉफ्टवेअर त्यावर चालतील का, ते आधी तपासा. बिजागरी तुटलेली असेल, पडदा गेलेला असेल, मदरबोर्ड बिघडलेला असेल, तर मात्र नवी डिस्क घालणं म्हणजे पडक्या घराला रंग देणं.

बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एकाच प्रश्नावर. "लॅपटॉप एका कंपनीचा आणि डिस्क दुसऱ्याच कंपनीची, चालेल का?" चालते, मैत्रिणींनो. विजेच्या होल्डरमध्ये कुठल्याही कंपनीचा बल्ब बसतो, कारण माप ठरलेलं आहे. डिस्कचंही तसंच. लॅपटॉपच्या बऱ्याच कंपन्या स्वतःच दुसऱ्यांकडून डिस्क घेऊन बसवतात. माप तेवढं जुळलं पाहिजे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असते. काहींत लांबट पट्टीसारखी एम डॉट टू लागते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये तर डिस्क बोर्डालाच चिकटवलेली असते, ती बदलताच येत नाही. म्हणून लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्यावरून विचारा. लॅपटॉपची वॉरंटी संपलेली नसेल, तर उघडण्याआधी सेवा केंद्राला विचारून घ्या.

खरेदी करताना साडी घेताना बघतो तसं उलटून-पालटून बघायचं. पक्कं बिल, बंद पाकीट, तीन किंवा पाच वर्षांची लेखी वॉरंटी. पाकिटावरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. भली मोठी डिस्क कवडीमोल भावात कुणी देत असेल तर घेऊ नका. असल्या खोट्या डिस्कच्या डब्यात बारकं मेमरी कार्ड भरलेलं सापडलंय. आणि २५६ जीबीची डिस्क घेतली, तर विंडोज ती २३८ च्या आसपास दाखवतं. ते दुकानदारानं मापात मारलं म्हणून नव्हे. कंपनीची मोजायची रीत वेगळी आणि विंडोजची वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉपचा सांगाडा बाजारात परत मिळतो, रॅम मिळते, डिस्क मिळते. बाजारात मिळत नाहीत त्या आपल्या नोंदी. म्हणून कुणाच्याही हातात स्क्रू-ड्रायव्हर देण्याआधी आम्ही सगळ्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. नुसती काढली नाही, दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली. गटांचे कर्जहप्ते, खातेवही, बैठकीचे फोटो, सगळं उघडतंय याची खात्री केली. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली, म्हणजे तो लांबलचक आकडा, आधीच वहीत उतरवून घ्यावा. नाहीतर आपल्याच घराला कुलूप आणि आपणच दारात.

दुकानदार म्हणाले, "ठेवून जा, परवा घेऊन जा." बोलणं चांगलं होतं, माणूसही चांगला. पण शेकडो बायांची आधारपत्रं आणि खाते क्रमांक दोन रात्री दुसऱ्याच्या टेबलावर का ठेवायचे? माणसावर विश्वास ठेवावा, पण हिशेब वहीतच असावा. आम्ही वेळ ठरवून घेतली आणि लिपिकाताई व कोषाध्यक्षा अशा दोघी दुकानात बसून राहिल्या. काम त्यांच्या डोळ्यांसमोर झालं, आणि त्या शिकूनही आल्या.

काम असं झालं. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, त्याला क्लोन करणं म्हणतात. जुनी डिस्क १,००० जीबीची असली तरी आत माहिती १६० जीबीच होती, म्हणून ५०० जीबीची नवी पुरली. कोरी प्रणालीही टाकता येते, ती स्वच्छ असते. पण मग प्रिंटरपासून सगळं पुन्हा बसवावं लागतं आणि जुने मराठी फाँट राहून गेले तर जुने ठराव उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतात. नक्कल झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, पाठ उघडली आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. स्क्रू एका वाटीत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमाचा फोटो मोबाईलमध्ये. डिस्क बदलली, ४ जीबी रॅम वाढवली, झाकण लावलं. विंडोज ११ नंतर चढवलं. डिस्क, रॅम, जुन्या डिस्कसाठी पेटी आणि मजुरी मिळून खर्च आला ६,५०० रुपये. भाव वर-खाली होतात, तुम्ही दोन-तीन दुकानांत विचारा.

आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात काम सुरू होतं. लिपिकाताई दिवेलागणीला घरी असतात. वाचलेल्या पैशांचं काय केलं? ते कर्जासाठीच्या निधीत राहिले आणि त्यातून दोघींना शेळ्यांसाठी कर्ज मिळालं.

पण एसएसडीनं सगळंच सुधारत नाही. मोबाईलची रेंज नसेल तर ऑनलाइन फॉर्म तसाच अडकणार. बॅटरी तासाभरात उतरत असेल तर ती तशीच उतरणार. एसएसडी काठोकाठ भरू नका, थोडी जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिचाही वेग कमी होतो. आणि जुनी डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा टकटक आवाज करून सांगायची. एसएसडी काहीही न सांगता एका क्षणात बंद पडू शकते, आणि मग आतली माहिती परत मिळणं फार अवघड. म्हणून आमच्याकडे दर महिन्याच्या बैठकीनंतर प्रत काढतात आणि तारीख वहीत लिहितात. पंचसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवा असं आपण म्हणतो, ही प्रत त्याच सूत्रात बसते.

आणि ती जुनी डिस्क? ती दुकानात सोडून येऊ नका, भंगारात तर मुळीच घालू नका. फाईल डिलीट केली म्हणजे पुसली गेली असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं तशीच राहतात. आम्ही ती पेटीत घालून महिनाभर हात न लावता ठेवली. नव्या डिस्कवर सगळं नीट आहे हे पटल्यावर तिच्यावरच दर महिन्याची प्रत ठेवायला लागलो. पण ती म्हातारी आहे, म्हणून दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवतो. डिस्क टाकायचीच असेल, तर आतलं पूर्ण पुसून किंवा तिला भोकं पाडून मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला द्या.

तर मैत्रिणींनो, तुमच्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या नोंदींची शेवटची प्रत कधी काढली? ती उघडून कुणी बघितली? आणि लॅपटॉप दुरुस्तीला गेला तर सोबत कोण बसणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. संगणक येत नाही म्हणून गप्प बसू नका, हे प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.