वणवा : पहारा गावाचा, लाभ शहराचा
(बंगळूरु येथील व्याख्यानाचा मजकूर)

फेब्रुवारी 2019 मध्ये कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात लागलेल्या वणव्यात सुमारे 4,400 हेक्टर क्षेत्र जळाले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. बंगळूरुहूनही स्वयंसेवक धावून गेले. तथापि, वणव्यात सुरुवातीचा काळच निर्णायक असतो आणि तेव्हा जवळ असतात ते वनरक्षक व वनालगतचे ग्रामस्थ.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहाधारित सूचना देते. परंतु हे उपग्रह ठरावीक वेळीच एखाद्या प्रदेशावरून जातात. दोन फेऱ्यांमधील पहारा माणसालाच करावा लागतो. जाळरेषा साफ ठेवणे, उंचवट्यावरून धुरावर लक्ष ठेवणे, हिरव्या फांद्यांनी आग झोडपणे ही कामे मनुष्यबळावरच चालतात.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 नुसार वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. 1990 च्या संयुक्त वन व्यवस्थापनविषयक परिपत्रकाने ग्रामस्थांच्या वनरक्षणाला वनोपजातील वाट्याची जोड दिली.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. जळालेल्या उतारावरची माती पावसात वाहून जाते. बंदीपूरच्या सीमेवरील कबिनी कावेरीस मिळते आणि बंगळूरुची तहान मुख्यतः कावेरीच भागवते. लाभ शहरापर्यंत पोहोचतो. धोका व बुडालेली मजुरी मात्र गावाच्या वाट्याला येते. म्हणून पहारेकऱ्यांची हंगामी मजुरी, अपघात विमा व संरक्षक साधने यांवरील खर्च शहराच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.