रहस्यकथा लिहायला शिकताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू रहस्यकथा लिहायला कुठे शिकलीस, ते सांग," असे संयोजकांनी सुचवले. ते शिकवणारा वर्ग मला कधी मिळाला नाही. मिळाली ती वाचनालयातली, पाने सुटलेली पुस्तके. बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आपल्यातल्या कितीतरी जणांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले. पुढे सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला.

वाचताना आपण पहिल्या पानावरून शेवटाकडे जातो. लिहिताना उलटे. सोलापूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. जेकार्डवर चादर विणायची तर आधी कागदावर नक्षी काढतात, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. माग सुरू होण्याआधीच मोर कुठे येणार ते ठरलेले असते. तसेच गुन्हा कोणी केला, का केला, कसा केला, हे ठरल्याशिवाय मी पहिली ओळ लिहीत नाही. आणि आपली चादर उलटली की तीच नक्षी रंग पालटून दिसते. सूत नवे लागत नाही. रहस्यकथेचा शेवटही असाच हवा. वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेल्याच गोष्टींचा अर्थ फक्त पालटावा.

इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला मला पटलेला नियम असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. मी तो लपवत नाही, गर्दीत उभा करते. बाजाराच्या यादीत साबण, काडेपेटी, उंदराचे औषध आणि पोहे लिहिले, तर वाचक पोह्यांकडे जातो.

पण संशय आणि पुरावा यांतला फरक मला पुस्तकांनी शिकवला नाही. तो आपल्याच वर्गात कळला. नववीत गॅदरिंगच्या वर्गणीचे बेचाळीस रुपये डब्यातून नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत वर्गात मी एकटी होते. वडिलांची गिरणी बंद होती, आई विड्या वळत होती. एवढ्यावर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पैसे शेवटचे कोणी मोजले? कधी मोजले? त्यानंतर डब्याला हात कोणाचा लागला? तिसऱ्या प्रश्नाला पैसे वर्गणीच्या वहीच्या खाकी कव्हरात निघाले. ज्याने ते जपून ठेवले, तोच विसरला होता. तो आज समोर बसला आहे, आणि आमची मैत्री अजून टिकून आहे. नाव सांगत नाही. रहस्य राहू दे.

पैसे मिळाले आणि तास पुढे सुरू झाला. माझ्याशी मात्र दोन दिवस कोणी नीट बोलले नाही. राग म्हणून हे सांगत नाही. माझे लिहिणे त्या दोन दिवसांतून आले आहे. बहुतेक रहस्यकथा गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडल्या की संपतात. ज्याच्यावर उगाच संशय आला, त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. मी त्या माणसासाठी एक पान राखून ठेवते. तो घरी जातो, चहा मागतो, शेजारचे दार बंद होताना ऐकतो.

म्हणून घरगडी, परगावचा पाहुणा, कर्जात बुडालेला भाऊ यांना मी संशयित करते. वाचक त्यांच्यावर संशय घेणारच. पण केवळ गरीब किंवा परका म्हणून त्यांतल्या कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. कारण कथेत चोर सापडला, तरी वाचकाच्या मनातला संशय तसाच राहिला, तर माझी मेहनत वाया गेली.

ज्यांना लिहायचे आहे, त्यांना माझे एकच सांगणे आहे. आधी ते तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सध्या मी गड्ड्याच्या यात्रेत घडणारी एक कथा लिहिते आहे. भर गर्दीत गुन्हा होतो, आणि पाहिलेला माणूस एकही नाही. शेवट ठरला आहे. जेवणाच्या पंगतीत कोणी विचारू नये, ही विनंती.